माना वर करा

हसून झालं असेल तर बसा. आणि मोबाइल खिशात घाला.

पौषातली थंडी आहे. जानेफळात या दिवसांत शेकोटी पेटल्याशिवाय सकाळी कुणी अंगणात उभं राहत नाही. अशा थंडीत तुमच्याच वर्गातली एक बाई पदराने वारा घेतेय, कपाळावर घाम, मान लालबुंद, आणि तिने एवढंच म्हटलं की खिडकी उघडा. त्यावर मागच्या रांगेतून आवाज आला, "इले काय झालं बाप्पा, चुलीपुढून उठून आली काय?" आणि तुम्ही खो-खो हसलात. हसणाऱ्यांत एक सोसायटीचा चेअरमन आहे, एकाचं कृषी केंद्र आहे, दोघं स्वतः मास्तर आहेत. त्र्याण्णवची बॅच, म्हणजे वय अठ्ठेचाळीसच्या घरात. सुना-जावई बघायची वेळ आली आणि अक्कल अजून दहावीच्या शेवटच्या बाकावरच बसलेली.

मी तुम्हाला विज्ञान शिकवलं. प्रजननसंस्थेचा धडा आला की "हा घरी वाचून या" म्हणायची रीत पुष्कळ शाळांत होती. मी ती पाळली नाही. फळ्यावर आकृती काढली, भागांची नावं मोठ्याने वाचायला लावली. मुलींनी वहीत तोंडं खुपसली, मुलांनी एकमेकांना कोपरं मारली. पंधराव्या वर्षी ते चालून गेलं. आज चालणार नाही, म्हणून तोच धडा पुढे नेते. खाली बघणाऱ्यांनी माना वर करा.

बाईच्या पोटात दोन अंडाशयं असतात. त्यांच्यातला बीजांचा साठा ती जन्माला येतानाच ठरलेला असतो. तो संपत आला की इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होतं, आणि ते सरळ रेषेत कमी होत नाही. आज जास्त, उद्या कमी, परवा पुन्हा जास्त. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे, ती या चढउताराने गोंधळते. तुमच्या विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर व्होल्टेज खालीवर झालं की उगाच ट्रिप होतो, तसं. बाहेर थंडी असो, मेंदूला वाटतं अंग तापलंय, आणि तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम सोडतो. आपल्या बायका म्हणतात "अंगातून वाफा निघतात". अगदी बरोबर म्हणतात. दोन-चार मिनिटं टिकतं, मग थंडी वाजते. रात्री असं दोन-तीनदा झालं की झोपेचं खोबरं, आणि झोप नसली की सकाळी चिडचिड, धडधड, हातातली वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही. काहींना हे वर्षभर होतं, काहींना सात-आठ वर्षं, काहींना जवळजवळ काहीच नाही.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं. आपल्या देशात हे सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास होतं, अमेरिकेत एक्कावन्नच्या. म्हणजे इथे बसलेल्या निम्म्या बायका आज याच उंबरठ्यावर आहेत. आणि "ही शहरातली नवी फॅडं" असं जो मघाशी पुटपुटला त्याच्यासाठी: पाळी बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला जाते, हे सुश्रुतसंहितेत लिहिलेलं आहे. घरात आयुर्वेदाचा काढा उकळता ना? मग तेवढंही वाचा.

चिडचिडीचं बघा. बाई रात्र-रात्र जागी राहते, दिवसा कुणावर तरी खेकसते, की घरचे म्हणतात हिचं डोकं फिरलं, आणि गाडी काढून सैलानीबाबाच्या दर्ग्याला घेऊन जातात. कुणाच्या श्रद्धेत मी पडत नाही. पण आधी दवाखाना, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी, मग जिथे जायचं तिथे जा. थायरॉइड बिघडलं तरी अशीच धडधड होते, रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो. हे न बघता बाईला वेडी ठरवणं सोपं आहे, कारण त्याला खर्च येत नाही.

आता बायकांनो, तुमच्याकडे. तुम्ही हसला नाहीत, पण गप्प बसलात. आणि तुमच्या गप्प बसण्याने जे होतं ते पुरुषांच्या हसण्यापेक्षा महाग पडतं.

गर्भाची पिशवी. बोला की, किती जणींची काढलीय? हात वर करा म्हणत नाही, मला माहीत आहे. जेवणाआधी एकीने मला बाजूला घेऊन कागद दाखवले. किराणा दुकानाच्या कॅरिबॅगमध्ये सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आणि चार घड्या घातलेलं डिस्चार्ज कार्ड. एकोणचाळिसाव्या वर्षी ऑपरेशन झालं. अंगावरून जास्त जात होतं, शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात सांगितलं की पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. आठ दिवसांत काढली. कार्डावर लिहिलं होतं "टीएएच विथ बीएसओ". तिला वाटत होतं पिशवी तेवढी गेली. त्या शेवटच्या तीन अक्षरांचा अर्थ असा की दोन्ही अंडाशयं आणि नळ्याही गेल्या. जे सत्तेचाळिसाव्या वर्षी हळूहळू व्हायचं ते एकोणचाळिसाव्या वर्षी एका रात्रीत झालं. नऊ वर्षं ती वाफा, गुडघे, पाठ आणि लघवीची जळजळ घेऊन फिरतेय आणि कुणी तिला सांगितलं नाही की हे सगळं एकाच धाग्याचं आहे. संमतीच्या कागदावर सही नवऱ्याची. तुझी का नाही, म्हटलं. तर म्हणे, "मॅडम, तेच पाहतात सारं." अगं, तू तलाठ्याकडे सातबाऱ्यावर बोट ठेवून भांडतेस, गुंठ्याचा फरक सोडत नाहीस, आणि स्वतःच्या पोटातून काय निघालं ते नऊ वर्षं वाचलं नाहीस?

हे एकटीचं नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण गाजलं तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीचे चार दिवस खाडा पडला की मुकादम दंड लावतो, म्हणून पिशवीच नको, इथवर त्या बायका आल्या होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की देशात अशी जवळजवळ दोन तृतीयांश ऑपरेशनं खाजगी दवाखान्यांत होतात आणि निम्म्याहून अधिक बायका कारण सांगतात ते जास्त रक्तस्रावाचं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की विनाकारण पिशव्या काढणं थांबवण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करा. जास्त रक्तस्रावाला गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबीसारखी साधनं आहेत, लोहाची औषधं आहेत. फायब्रॉइड फार मोठा असेल, कॅन्सर खरोखर निघाला असेल, औषधं करून थकलो असू, तर ऑपरेशन करावंच लागतं. त्याला माझा विरोध नाही. पण "पुढे कॅन्सर होईल" या तीन शब्दांवर टेबलावर झोपायचं नाही. तीन प्रश्न विचारायचे: दुसरा उपाय कोणता, तपासणीचा तुकडा लॅबला पाठवला का, आणि अंडाशयं ठेवणार की काढणार. तिन्हीची उत्तरं मिळेपर्यंत सही नाही. आणि सही आपली.

एक जुनी गोष्ट सांगते. तुम्ही सहावीत होता त्या वर्षी, १९८९ च्या जानेवारीत, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा एक अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गडचिरोलीतली दोन गावं, ६५० बायका. तपासलं तर ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगातलं किंवा लैंगिक आजारातलं काहीतरी होतं. त्यांच्यापैकी आधी कधी अंतर्गत तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. आपल्याच विदर्भातलं हे. तेव्हा रस्ते नव्हते, डॉक्टर नव्हते, समजू शकते. आज तुमच्या दारात गाडी आहे, मेहकरला जायला वेळ लागत नाही, गावात आशाताई आहे, तीस वर्षांवरच्या बायकांची गर्भाशयाच्या मुखाची, स्तनांची आणि तोंडाची तपासणी सरकारी केंद्रांतून फुकट होते. तरी तुमच्यातल्या कितीजणी एकदाही गेल्यात? साडीचा मॅचिंग फॉल शोधायला खामगाव गाठता.

आता ज्या विषयासाठी तुम्ही सगळे आत्तापासून चुळबुळताय, तो.

संबंध. होय, नवरा-बायकोचे. पाळी गेली की ते संपले, अशी एक समजूत आपल्या भागात घट्ट बसलेली आहे, आणि तिच्यामागे घराची रचनासुद्धा उभी आहे. पोराचं लग्न झालं की आतली खोली पोराला. बाप ओसरीवर, किंवा रोही-रानडुकरांच्या जागलीचं निमित्त काढून वावरात. आई स्वयंपाकघरात नातवंडं घेऊन. कुणी ठरवत नाही, कुणी विचारत नाही, पंचेचाळीस-पन्नाशीतल्या जोडप्याच्या खाटा आपोआप वेगळ्या होतात, आणि दोघांनी एका खोलीचं दार लावलं तर ते म्हातारचळ ठरतं. सून काय म्हणेल! अरे, सुनेला काय म्हणायचंय? तिला तर उलट धीर येईल.

त्यात दुखतं. हे कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीचा आतला थर पातळ होतो, ओलावा जातो, ताण सहन होत नाही. संबंधाच्या वेळी आग होते, कधी रक्ताचा ठिपका पडतो. लघवीची पिशवी शेजारीच आहे, तिलाही हाच त्रास: वारंवार जावं लागतं, जळजळ, पुन्हा पुन्हा इन्फेक्शन. बाई टाळायला लागते. नवऱ्याला वाटतं हिचं मन उडालं. तिला वाटतं हा रागावलाय. दोघं एकमेकांशी तुरीच्या भावावर बोलतात आणि यावर बोलत नाहीत. अशी दहा-दहा वर्षं जातात, घराघरांत.

आणि वाफा आपोआप थांबतात तशी ही कोरड आपोआप थांबत नाही, वाढत जाते. उपाय मात्र साधा आहे. मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट चिठ्ठीशिवाय मिळतं. त्याने भागलं नाही तर डॉक्टर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम लिहून देतात. डोस इतका कमी की रक्तात फारसं उतरत नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. खोबरेल तेलाने काम भागवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की तेलाने निरोध फाटतो. ज्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांना निरोध अजून लागतो, कारण पाळी लांबली म्हणजे संपली असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर पुढची दोन वर्षं, नंतर गेली असेल तर एक वर्ष. "अंग बाहेर येतं" म्हणून जी बाई खुर्चीवर नीट बसतही नाही, तिलाही व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे, ऑपरेशन शेवटी.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती तुमच्यातल्या शिकलेल्या बायकांना जास्त, कारण २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाची बातमी जगभर गेली की या गोळ्यांनी स्तनाचा कॅन्सर आणि हृदयविकार वाढतो. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. नंतर तेच आकडे वयानुसार लावून पाहिले तेव्हा दिसलं की साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास जास्त असलेल्या निरोगी बाईला फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त. कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही, हे डॉक्टर ठरवतील. मैत्रिणीच्या पर्समधून गोळी घेणारीला मी ओळखते, ती इथेच बसलीय, तिने ती आज बंद करायची.

पुरुषांनो, सुटलात असं समजू नका. तुमच्यातल्या कितीजणांना शुगर आहे? बीपी? खर्रा किती जण खातात ते दातांवरून दिसतंय. या तिन्हींनी बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि लिंगाकडे जाणाऱ्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षाही बारीक. म्हणून ताठरता कमी होणं हे पुष्कळदा हृदयविकाराच्या काही वर्षं आधीचं लक्षण असतं. हे कळल्यावर माणूस शुगर तपासतो. तुम्ही काय करता? बायकोला म्हातारी म्हणता आणि यात्रेतल्या जडीबुटीवाल्याच्या तंबूत शिरता. डॉक्टरांना विचारायला लाज, भिंतीवर रंगवलेल्या नंबराला फोन करायला नाही. त्या पुड्यांत काय घातलेलं असतं ते विकणाराही सांगत नाही. ताठरतेची जी खरी गोळी आहे, ती हृदयासाठी जिभेखाली ठेवायच्या गोळीबरोबर पोटात गेली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. चेअरमन साहेब, लिहून घ्या.

या विषयावर मराठीत बोलणारी माणसं नव्हती असंही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे, गणिताचे प्राध्यापक. म्हणजे माझ्याच जातीचे, मास्तर. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, विल्सन कॉलेजची नोकरी या मतांपायी गेली, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यांतला एक लढवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाबासाहेबांची जयंती तुम्ही डीजे लावून करता. त्यांनी कोणत्या गोष्टीसाठी वकीलपत्र घेतलं होतं तेही पोरांना एकदा सांगा.

आणि दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जाता ना? जिजाऊंचा जन्म १५९८ चा. शिवराय १६६६ मध्ये आग्र्याला गेले तेव्हा मागे राज्याची जबाबदारी कुणावर होती? वय होतं अडुसष्ट. तुमच्या हिशोबाने ती बाई अठरा-वीस वर्षांपूर्वीच "संपलेली". जयजयकार करून आलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन पन्नाशीच्या बायकोला म्हणतो, आता तुझं काय राह्यलं. जीभ कशी रेटते?

इस्ट्रोजेन कमी झालं की हाडंही झिजतात, त्यांचं थोडक्यात: दूध-दही, तीळ, ऊन, पायी चालणं. मुठीत येणाऱ्या धोंड्यावर घसरून मनगट मोडलं तर तो नशिबाचा भाग म्हणून सोडायचं नाही, हाडांची तपासणी करायची. पोत्यांनी सोयाबीन पिकवता आणि घरात त्याचा एक दाणा शिजत नाही, हेही एकदा तपासा. प्रथिनं विकत आणायला जाता तुम्ही.

एक गोष्ट मात्र दोनदा सांगणार. पाळी जाऊन वर्ष झालं आणि मग पुन्हा रक्त दिसलं, एक ठिपका का असेना, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. "पुन्हा बहर आला" म्हणून हसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. अशा दहा जणींत साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. पुन्हा सांगते: एक ठिपका, त्याच आठवड्यात.

राहता राहिल्या त्या, ज्यांना नवरा नाही. आपल्या वर्गात अशा तीन जणी आहेत. फवारणी, कर्ज, अपघात, कारणं तुम्हाला माहीत आहेत. त्यांना लघवीची जळजळ झाली, खाज सुटली, तरी त्या जात नाहीत. हिला आता असलं कशाला दाखवायचं, असं लोक म्हणतील म्हणून. शरीराला नवरा वारल्याचं कळत नाही, इस्ट्रोजेन कमी व्हायचं ते होतंच. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायची जबाबदारी या वर्गातल्या बायकांची. आशाताई सोबत येते, पण सगळं तिच्यावर ढकलून मोकळं व्हायचं नाही. बाई डॉक्टर नसल्या तर तपासताना सिस्टरला आत थांबायला सांगायचं, तो हक्कच आहे. जुने कागद सगळे न्यायचे, कॅरिबॅगमधलेसुद्धा. आणि हरभरा सोंगून झाला की बघू, असं कुणी म्हणायचं नाही. सोमवारी सकाळी नऊला, शाळेच्या फाटकाशी. गाडी कृषी केंद्रवाला देईल, डिझेल त्याचंच.